सोहळ्याचे प्रेक्षक आणि चित्रपटाचे प्रेक्षक

२७ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत ६८ वा फिल्मफेअर पुरस्कार सोहळा झाला आणि तो दूरचित्रवाणीवरून घरोघरी दाखवला गेला. त्या सोहळ्यात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार अंकुश गेडाम या तरुणाला मिळाला. चित्रपट होता नागराज मंजुळे यांचा 'झुंड'. गेडाम हे आडनाव कानी पडताच विदर्भातला माणूस मान वळवून पाहतो. आणि हा मुलगा तर थेट नागपूरचा. चित्रपटाची गोष्टही नागपूरची, आणि ज्यांच्या आयुष्यावरून ती घेतली ते विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, म्हणजे तेही आपल्याच गावचे. इतके सगळे आपले असताना त्यानंतरच्या रविवारी, ३० एप्रिलला, मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात जी मते आमच्या कानी आली ती सूत्रसंचालकांच्या विनोदांविषयी होती, एका नटीच्या पोशाखाविषयी होती, कोणाच्या नाचात पूर्वीचा जोर उरला नाही याविषयी होती, आणि आवडत्या नटावर कसा अन्याय झाला याविषयी तर फारच होती. गेडामचा विषय आम्ही काढला तेव्हा उत्तर आले, "हो, आपल्या नागपूरच्या पोराला काहीतरी मिळालं म्हणे."

या 'म्हणे'पाशी आम्ही थबकलो. सोहळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने 'म्हणे' का म्हणावे? जे आपण पाहिले ते ऐकीव कसे झाले? पुढे चौकशी करता कळले की बोलणाऱ्या मंडळींपैकी 'झुंड' पाहिलेले फार थोडे होते. म्हणजे पुरस्कार पाहिला होता, पण तो कशासाठी दिला हे पाहिले नव्हते. मग देणे आणि घेणे ही एका क्षणाची दृश्ये तेवढी डोळ्यांपुढून सरकली आणि विसरली गेली. दूरचित्रवाणीवरील पुरस्कार सोहळ्यांविषयी प्रेक्षक जी मते देतात त्यांपैकी बरीचशी या जातीची असतात, असे आमचे निरीक्षण आहे. ती सोहळ्याविषयीची मते असतात. मात्र ती चित्रपटाविषयीची मते म्हणून मांडली जातात, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

हे नेहमीच असे नव्हते. फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात झाला. तेव्हा पुरस्कार अवघे पाच होते: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. 'दो बिघा जमीन', बिमल रॉय, 'दाग'मधील दिलीपकुमार, 'बैजू बावरा'मधील मीनाकुमारी आणि त्याच चित्रपटाचे संगीतकार नौशाद हे त्या वर्षीचे मानकरी. आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आरंभी या पुरस्कारांना 'क्लेअर्स' असे म्हटले जाई, आणि ते नाव आले होते 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्यावरून. आज ज्या सोहळ्यात समीक्षकाला कोणी विचारत नाही, त्याला पहिले नाव मिळाले ते नटाचे नव्हते, निर्मात्याचे नव्हते, तर चित्रपट पाहून त्यावर लिहिणाऱ्या एका बाईचे होते! पुरस्कारादाखल दिल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध काळ्या बाहुलीचे शिल्प एन. जी. पानसरे यांनी घडवले. आणि मानकरी ठरवले गेले ते वाचकांच्या कौलाने. पहिल्या वर्षी देशभरातून वीस हजारांहून अधिक वाचकांनी आपली मते कळवली होती.

त्या वीस हजारांपैकी प्रत्येकाने प्रत्येक चित्रपट पाहिला असेल, असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट निश्चित. त्यांच्यापुढे सोहळा नव्हता. भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, तीही दिल्लीत. मुंबईला ती पोहोचायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडले, आणि नागपूरचा क्रम त्याच्याही पुढचा. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हा ते पदक देताना कोणी कसे हसले, कोणी कोणता कोट घातला होता, हे महाराष्ट्रातल्या एकाही घराने पाहिले नाही. पण चित्रपट आधीच, १९५३ साली, येऊन गेला होता, आणि वर्तमानपत्रात पदकाची बातमी वाचणाऱ्याला ती आई कशी रडली, तो मुलगा कसा वागला, हे ठाऊक होते. आधी चित्रपट, मग मत, आणि सर्वांत शेवटी पुरस्कार, असा तो क्रम होता. आता तो पुष्कळदा उलटा झाला आहे. आधी सोहळा, त्यावरून मत, आणि चित्रपट जमल्यास पुढे केव्हातरी.

यात प्रेक्षकांचा सगळा दोष आहे असे नाही. सोहळा दाखवणाऱ्यांची रचनाच अशी असते की पुरस्कार हा त्यातला सर्वांत लहान भाग ठरावा. नृत्ये लांब, विनोद लांब, जाहिराती त्याहून लांब, आणि ज्याने वर्षभर घाम गाळला त्याचे दोन शब्द मात्र घाईत उरकायचे. हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात तर आठ विभागांचे पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच सभागृहात देऊन टाकले आणि मग त्यांची कापलेली दृश्ये मधे मधे जोडून दाखवली. त्यांत संकलनाचा पुरस्कारही होता. संकलनाचा पुरस्कारच कापला जावा, यातली थट्टा कोणाच्या लक्षात आली की नाही कोण जाणे.

त्याच सोहळ्यातली एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे २८ मार्च २०२२ च्या सकाळी तो दिसला आणि त्या दिवशी कार्यालयांत, शाळांच्या शिक्षककक्षांत, रिक्षांत एकच चर्चा होती: विल स्मिथने ख्रिस रॉकला व्यासपीठावर जाऊन थप्पड मारली. बरोबर की चूक, पत्नीसाठी मारली म्हणून क्षम्य की नाही, यावर प्रत्येकाला मत होते. प्रश्न वादाचा आहे आणि घराघरांत त्यावर वाद झाला हे वाईट नाही. पण ख्रिस रॉक त्या क्षणी व्यासपीठावर कशासाठी उभा होता, हे किती जणांना सांगता येईल? तो पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा पुरस्कार जाहीर करण्यासाठी उभा होता. आणि त्या विभागाच्या नामांकनांत रिंटू थॉमस व सुश्मित घोष या भारतीय जोडीचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट होता. बुंदेलखंडातल्या दलित स्त्रिया 'खबर लहरिया' नावाचे वृत्तपत्र चालवतात, गावोगाव जाऊन पोलिसांना आणि पुढाऱ्यांना प्रश्न विचारतात, हातात मोबाइल घेऊन बातमी टिपायला शिकतात, त्यांची ती कहाणी. पुरस्कार 'समर ऑफ सोल' या अमेरिकन माहितीपटाला मिळाला. त्याच्या दिग्दर्शकाचे बोलणेही थपडेच्या आवाजात बुडाले. नामांकनापर्यंत गेलेल्या त्या बुंदेलखंडी स्त्रिया आपल्या देशाच्या. पण आपल्या देशातल्या प्रेक्षकाने त्या सकाळी गाल पाहिला, हात पाहिला आणि त्यांना पाहिलेच नाही.

पुढच्या वर्षी, १३ मार्च २०२३ च्या सकाळी, 'नाटू नाटू' या गाण्याने साऱ्या देशाला आनंद दिला. त्याच सोहळ्यात 'द एलिफंट व्हिस्परर्स' या लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या, आणि निर्मात्या गुनीत मोंगा बोलायला पुढे होणार तोच वाद्यवृंद सुरू झाला. यावर भारतीय प्रेक्षकांनी राग व्यक्त केला तो आम्हांला योग्य वाटतो. तरी त्या रागातही एक विचित्र गोष्ट दिसली. वाद्यवृंदाविषयी बोलणारे पुष्कळ होते. हत्तीचे पिल्लू वाढवणाऱ्या बोम्मन आणि बेल्ली या आदिवासी जोडप्याविषयी, चाळीसेक मिनिटांच्या त्या माहितीपटाच्या संथ लयीविषयी बोलणारे त्या मानाने अगदी थोडे.

राष्ट्रीय पुरस्कारांची गत फार वेगळी नाही. ३ मे २०१८ रोजी राष्ट्रपतींनी स्वहस्ते केवळ अकरा पुरस्कार दिले, बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते दिले गेले, आणि पन्नासहून अधिक मानकऱ्यांनी समारंभाला न जाण्याचे ठरवले. त्या वादाची आठवण अनेकांना आहे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता, हे विचारले तर शांतता पसरते. तो होता रिमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स', आसामच्या खेड्यात गिटारसाठी झुरणाऱ्या एका मुलीचा.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाकडे वळू. हा सोहळा पाहतो, पण पाहताना हसतो. त्याचे मत ठाम असते: "सगळं आधीच ठरलेलं असतं." या मताला आधार नाही असे म्हणता येणार नाही. ऋषी कपूर यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात, 'बॉबी'च्या वेळी पुरस्कारासाठी तीस हजार रुपये दिल्याची कबुली दिली आहे. ज्याला पुरस्कार मिळाला तोच असे म्हणतो, मग सामान्य प्रेक्षकाने विश्वास का ठेवावा? प्रश्न रास्त आहे. पण या अविश्वासाचा उपयोग आपण कशासाठी करतो ते पाहावे. पुरस्कार विकले जातात म्हणून आम्ही स्वतः चित्रपट पाहून आमचा निवाडा करू, असे कोणी म्हणत असेल तर तो अविश्वास कामाचा. पुरस्कार विकले जातात म्हणून चित्रपटांकडे पाहायचेच कशाला, असे म्हणणारा मात्र शहाणपणाच्या नावाखाली आळस करतो. असा माणूस सोहळा चुकवत नाही, ही त्यातली गंमत.

खरा अविश्वास कसा असतो याचे एक उदाहरण आहे. १९७३ साली 'बेईमान' या चित्रपटासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी तो नाकारला. कारण त्या वर्षीचा संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता, असे त्यांचे मत होते. संगीताचा पुरस्कार गेला होता 'बेईमान'लाच, म्हणजे प्राण यांच्या स्वतःच्याच चित्रपटाला. आणि गुलाम मोहम्मद तर 'पाकीजा' पडद्यावर येण्यापूर्वीच, १९६८ साली, वारले होते. ज्याच्याकडून परतफेडीची काही आशा नाही अशा मृत माणसासाठी, आपल्याच चित्रपटाच्या यशाविरुद्ध, हाती आलेला मान प्राण यांनी सोडला. पडद्यावर त्यांनी अनेक वर्षे खलनायक रंगवला. 'सगळं ठरलेलं असतं' असे म्हणून त्यांना घरी बसता आले असते, किंवा गुपचूप बाहुली घेऊन यायलाही कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी 'पाकीजा'चे संगीत ऐकले होते, त्यावर त्यांचे मत बनले होते, आणि त्या मताची किंमत त्यांनी स्वतः भरली. लता मंगेशकरांचेही असेच. पार्श्वगायकांसाठी पुरस्कारच नव्हता, तेव्हा त्यांनी समारंभात गायला नकार दिला. १९५९ साली तो विभाग सुरू झाला आणि पहिला मान त्यांनाच, 'मधुमती'तील गाण्यासाठी मिळाला. हीही मतेच होती. सोफ्यावर बसून दिलेली नव्हती, एवढाच फरक.

चर्चच्या वतीने चित्रपट महोत्सवांत परीक्षक बसतात, ही गोष्ट आमच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेच्या परीक्षकांनी १९६४ साली व्हेनिसला आपला पुरस्कार पासोलिनी यांच्या संत मत्तयाच्या शुभवर्तमानावरील चित्रपटाला दिला. पासोलिनी निरीश्वरवादी आणि मार्क्सवादी म्हणून प्रसिद्ध होते. बाहेर कुजबुज झाली असणारच. पण परीक्षकांनी माणसाची कुंडली पाहिली नाही, अंधारात बसून चित्रपट पाहिला. आमच्या मते परीक्षणाची ही साधी रीत घरच्या प्रेक्षकालाही परवडण्यासारखी आहे.

आता नागपूरकर प्रेक्षकाची खास तक्रार. विदर्भाचा अनुशेष सिंचनात आहे, रस्त्यांत आहे, नोकऱ्यांत आहे. तसा तो पुरस्कारांतही आहे, असे आपण मोठ्या आवेशाने म्हणतो. मुंबई-पुण्याचे लोक एकमेकांना हार घालतात आणि आपण संत्री खात टाळ्या वाजवायच्या! या तक्रारीत तथ्य असेलही. पण मुंबईने दिले नाही ते जरा बाजूला ठेवू; जे आपल्या गावातून गेले त्याची तरी आपण नोंद घेतली का? 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटाची २०१५-१६ साली घरोघर वाहवा झाली, त्यातील गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या मुळाशी असलेले नाटक १९६७ साली लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरच्या रंजन कला मंदिराचे, याची आठवण सोहळ्यात कोणी काढली असती तर उत्तम; पण आमच्या ओळखीच्या तरुण प्रेक्षकांनाही ती नव्हती.

वीरा साथीदार यांची गोष्ट याहून बोलकी आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ सालचे सुवर्णकमळ मिळाले. २०१५ साली तोच चित्रपट भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूला आपल्या गाण्याने कारणीभूत झाल्याचा आरोप ज्याच्यावर ठेवला जातो, त्या वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका साथीदार यांनी केली. ते नट नव्हते. नागपुरात राहणारे कार्यकर्ते होते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते. त्या भूमिकेत ते अभिनय करतात असे वाटतच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात ते उभे असतात तेव्हा एखादा दमलेला माणूस बसची वाट पाहत असावा तसे उभे असतात, आणि न्यायव्यवस्थेचा संथपणा त्या उभे राहण्यातूनच कळतो. त्यांच्या वाट्याला अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक आले नाही. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने नागपुरातच त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत आपल्या शहराची काय अवस्था होती, हे सांगण्याची गरज नाही. मृत्यूंच्या त्या गर्दीत ही बातमी अनेकांच्या वाचण्यातही आली नाही. जो सोहळ्यात दिसला नाही तो नटच नव्हे, ही आपली समजूत मात्र कोरोनापूर्वीचीच आहे.

आणि 'झुंड'. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला. तीन तासांना जेमतेम दोन मिनिटे कमी, इतका लांब. कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बोराडे यांना पावसात काही झोपडपट्टीतली मुले प्लॅस्टिकच्या डब्याने फुटबॉल खेळताना दिसतात. ही मुले चोऱ्या करतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. बोराडे त्यांना पैसे देऊन खेळायला लावतात. रोज खेळा, रोज पैसे घ्या. मग एक दिवस ते सांगतात की आज पैसे नाहीत. मुले चिडतात, जातात, आणि परत येऊन खेळतात. चित्रपटातला हा भाग आम्हांला सर्वांत खरा वाटला. त्यात उपदेश नाही, अश्रू नाहीत; चटक एका गोष्टीची होती, ती दुसऱ्या गोष्टीची लागली, इतकेच.

उत्तरार्धाविषयी आमचे मत इतके अनुकूल नाही. तिथे कथा अनेक वाटांनी धावते, काही वाटा अर्ध्यावर राहतात, आणि अमिताभ बच्चन यांचा तो परिचित आवाज कधी कधी मुलांच्या आवाजावर बसतो. दिग्दर्शकाला सांगायचे पुष्कळ होते आणि कात्री हाती घेववत नव्हती, असे वाटत राहते. रिंकू राजगुरू यांनी रंगवलेली आदिवासी मुलगी बापाला घेऊन पारपत्राच्या कागदांसाठी दारोदार फिरते. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला ज्यांच्याकडे एक चिठोरे नाही, अशा माणसांची ती वणवण हा एक स्वतंत्र चित्रपट होऊ शकला असता; इथे ती एका मोठ्या गर्दीत उभी आहे.

अंकुश गेडाम यांचे काम मात्र चित्रपटाच्या बऱ्यावाईट सर्व भागांत टिकून राहते. मुलांमधला म्होरक्या, ज्याला सारे 'डॉन' म्हणतात, तो त्यांनी केला आहे. त्याची चाल पाहावी. खांदे पुढे, मान किंचित वाकडी, कोणी अंगावर येईल या तयारीत सतत असलेले शरीर. तोच मुलगा कॉलेजच्या मुलांसमोर उभा राहिला की हातांचे काय करावे हे त्याला कळत नाही, आणि भांडणात कधी न घाबरणारा हा गडी तिथे संकोचाने लहान होतो. शेवटी विमानतळावर सुरक्षा तपासणीचे यंत्र त्याला पाहून पुन्हा पुन्हा वाजते. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग, भीती आणि शरम एकापाठोपाठ उमटतात, आणि तिन्हींपैकी कशालाही शब्द नाही. अभिनयाच्या शाळेत गेलेल्या किती नटांना हे साधेल, याची आम्हांला शंका आहे. पदार्पणाचा पुरस्कार या प्रसंगासाठी दिला गेला की लोकप्रियतेच्या दुसऱ्या कुठल्या हिशेबाने, हे परीक्षकांनाच ठाऊक. आम्ही तो याच प्रसंगासाठी दिला असता.

आमच्या कुटुंबांतून 'झुंड'वर एक आक्षेप वारंवार ऐकू आला. भाषा शिवराळ आहे, मुले नशा करताना दाखवली आहेत, घरात लहानांसमोर कसा लावायचा? आक्षेप घेणारे आईबाप मुलांच्या काळजीने बोलतात, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. लहान मुलांना तो दाखवू नये, हे आम्हांलाही मान्य. पण हीच कुटुंबे पुरस्कार सोहळा आजीपासून नातवापर्यंत एकत्र बसून पाहतात, आणि त्यातले द्व्यर्थी विनोद, तोकड्या कपड्यांतली नृत्ये, एकमेकांच्या लग्नांवर आणि घटस्फोटांवर केलेली थट्टा यांचे कोणाला काही वाटत नाही. झोपडपट्टीतल्या मुलाच्या तोंडची शिवी कानाला बोचते आणि झगमगत्या व्यासपीठावरचा अश्लील विनोद खपून जातो. याचे कारण आम्हांला असे दिसते की शिवी ज्या जगातून येते ते जग आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आहे आणि ते आत यावे अशी आपली इच्छा नाही.

ती भिंत चित्रपटात आहेच. एकीकडे कॉलेज, दुसरीकडे वस्ती, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या कडेला कचरा. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केले, स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने. ते आपल्या पंथाचे नसले तरी नागपूरच्या ख्रिस्ती शिक्षणपरंपरेतले आहे. आपल्या पंथाच्याही शाळा आहेत, कॉलेजे आहेत, सुंदर मैदाने आहेत. सेमिनरी हिल्सचे नावच मुळी सेमिनरीवरून पडले, आणि दूरदर्शनचा मनोराही त्याच टेकडीवर. ही मैदाने सुटीच्या दिवशी कोणासाठी उघडी असतात? बारसे सरांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे केले. त्यातून सुरू झालेल्या 'स्लम सॉकर' या संस्थेला २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. तो सोहळा नागपुरातल्या फार थोड्या घरांनी पाहिला असेल, कारण त्यात नाच नव्हता.

आमच्या माहितीतल्या एका धर्मग्रामात तरुण मंडळाने 'झुंड' सभागृहात दाखवण्याचा प्रस्ताव ठेवला आणि त्यावर दोन बैठका झाल्या. शिव्यांचे काय, हा प्रश्न पहिल्या बैठकीत निघाला. लांबीचे काय, हा दुसऱ्या. एका बाईंनी सुचवले की सोळा वर्षांखालच्यांना बोलावू नये आणि शेजारच्या वस्तीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना मात्र अवश्य बोलवावे. त्यांतली निम्मी सोळाच्या आतली आहेत, हे कोणीतरी लक्षात आणून दिले. यावर बराच वेळ गेला. अखेर वयाची अट पालकांवर सोडायची, मध्यंतरात चहा द्यायचा आणि नंतर अर्धा तास बोलण्यासाठी ठेवायचा, असे ठरले. पावणेसहाला सुरुवात झाली तर चहा आणि बोलणे धरून सव्वानऊ-साडेनऊपर्यंत आटोपते. खुर्च्या सव्वाशे आहेत; वस्तीतून किती येतील याचा अंदाज नसल्याने चार सतरंज्या काढून ठेवायला सांगितले आहे.